खुल्या तारा सुरात, फ्रेट दाबला की चढ्या: हाताने बनवलेल्या युकुलेलेमधील दोषाचा माग

स्वतः बनवलेल्या युकुलेलेच्या, म्हणजे गिटारसारख्या छोट्या वाद्याच्या, चारही खुल्या (न दाबलेल्या) तारा ट्यूनरवर (सूर मोजणाऱ्या यंत्रावर) बिनचूक लागतात, पण पहिली कॉर्ड (एकत्र वाजणाऱ्या सुरांचा समूह) धरताच काहीतरी खटकते. तारा पुन्हा तपासाव्यात तर त्या उतरलेल्या नसतात, आणि दुसऱ्या दिवशी तीच कॉर्ड पुन्हा तशीच बोचते. हाताने वाद्य बनवणाऱ्या बहुतेकांना पहिल्या दोन-तीन वाद्यांत ही तक्रार गाठतेच. माझ्या तिसऱ्या वाद्यात ती इतकी चिवट निघाली की मी तीन वेळा तारा बदलल्या, एकदा घोडीतील सॅडलची पट्टी (पेटीच्या बाजूला तारा जिच्यावर टेकतात ती) घासून खाली आणली, तिने भागेना म्हणून नवी केली, आणि प्रत्येक वेळी दोन दिवस बरे वाटून तक्रार परत आली. मूळ चूक तारांत नव्हती, पट्टीतही एकटी नव्हती. कुठे काय बिघडले आहे हे मोजण्याआधीच मी कानस हातात घेत होतो, ही खरी चूक होती.

दोष सर्वांत स्पष्ट ऐकू येतो तो एफ कॉर्डमध्ये. युकुलेलेच्या नेहमीच्या लावणीत तारा जी, सी, ई, ए अशा असतात आणि त्यांतील जी तार सी तारेपेक्षा वरच्या सुराची असते. जी तारेचा दुसरा फ्रेट (तारांखालची आडवी धातूची पट्टी) दाबला की जो सूर मिळतो तो म्हणजे ए, ४४० हर्ट्झ. आणि एफ कॉर्डमध्ये शेवटची ए तार खुलीच वाजते, तीही ४४० हर्ट्झच. म्हणजे एकाच कॉर्डमध्ये एकच सूर दोन तारांवर शेजारी शेजारी वाजतो. दाबलेला सूर दहा सेंट चढा असेल तर या दोन सुरांत सेकंदाला साधारण अडीच वेळा लहर उठते, वाँव-वाँव असा आवाज येतो, आणि तो एकदा ऐकू आला की मग ऐकू यायचा थांबत नाही. सेंट म्हणजे एका अर्धस्वराचा शंभरावा भाग. पूर्ण सप्तकात असे १२०० सेंट येतात. पाच सेंटपर्यंतचा फरक बहुतेक कानांना चालून जातो, दहा सेंट खटकतात.

फ्रेट दाबल्यावर सूर थोडा चढतो हे अटळच आहे. तार खाली दाबताना ती किंचित ताणली जाते, ताण वाढला की सूर चढतो; तार फ्रेटपासून जितकी उंच, तितकी ती जास्त ताणावी लागते. म्हणूनच सॅडल काटेकोर हिशेबाच्या जागेपेक्षा थोडी मागे ठेवतात. सतारीत एखादा पडदा बोलत नसेल तर तो सरकवून सुरात आणता येतो. येथे फ्रेट लाकडात ठोकून बसवलेले असल्याने ती सोय नाही, आणि दुरुस्तीला दोनच टोके उरतात, नट (खुंट्यांच्या बाजूची खाचांची पट्टी, जिच्यावरून तारा जातात) आणि सॅडल. त्यातच सोप्रानो युकुलेलेची तार जेमतेम ३४५ मिलिमीटरची असते. गिटारवर जी चूक कानाआड होते तीच येथे जवळजवळ दुपटीने बोलते.

मोजणीपूर्वी दोन गोष्टी निकाली काढाव्यात. नव्या तारा कित्येक दिवस लांबत राहतात, त्यामुळे नवी तार चढवून त्याच संध्याकाळी केलेल्या मोजणीवर विश्वास ठेवू नये. दुसरे म्हणजे एखादीच तार हट्टाने बेसूर असेल तर ती काढून उलट्या टोकाने बसवावी. चुकीचा आकडा बदलला तर तारेची जाडी सगळीकडे सारखी नाही असे समजून ती टाकून द्यावी. या चाचणीत दहा मिनिटे जातात आणि कित्येकदा पुढचे सगळे श्रम वाचतात. माझ्या बाबतीत वाचले नाहीत.

त्यानंतर कागद, पेन्सिल आणि ट्यूनर घेऊन प्रत्येक तारेसाठी खुला सूर, मग पहिला, तिसरा, पाचवा, सातवा आणि बारावा फ्रेट, असे आकडे लिहावेत. प्रत्येक आकड्याआधी खुली तार पुन्हा शून्यावर आणावी. बोट वाजवताना जितके दाबतो तितकेच, फ्रेटच्या लगेच मागे, सरळ खाली दाबावे. तार बाजूला ओढली गेली तर तोच सूर पाच-सहा सेंट सहज चढतो आणि मग आपण स्वतःच्या बोटाचा दोष वाद्याच्या माथी मारतो. तार छेडल्यावर पहिल्या क्षणी ट्यूनरचा काटा वर उडी घेतो, तो स्थिरावल्यावरचा आकडा धरावा. एकाच सुराचे तीन वेळा वाचन घेऊन मधला आकडा लिहावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण सगळे निदान याच कागदावर होते.

कारण आकड्यांपेक्षा त्यांचा चढउतार जास्त सांगतो. नटमधील खाचा उथळ राहिल्या असतील, म्हणजे तार नटपाशी उंच असेल, तर पहिला फ्रेट दाबताना तिला सर्वांत जास्त वाकावे लागते. म्हणून चूक पहिल्या फ्रेटवर सर्वांत मोठी असते आणि पुढे जाताना झपाट्याने कमी होते. सॅडल पुढे, म्हणजे नटच्या दिशेने, सरकलेली असेल तर उलट घडते: पहिल्या फ्रेटवर चूक जवळजवळ दिसत नाही, पाचव्यावर ती बाराव्यावरच्या चुकीच्या साधारण एक तृतीयांश असते, सातव्यावर निम्मी आणि बाराव्यावर पूर्ण. तिसरा प्रकार असा की सर्व फ्रेट जवळपास सारखेच चढे असतात. तेव्हा फ्रेटबोर्डाचे (फ्रेट बसवलेल्या फळीचे) नटकडचे टोक चुकीच्या जागी कापले गेलेले असते, किंवा तार नटच्या पुढच्या कडेवर न टेकता मागे कुठेतरी टेकते, आणि खुल्या तारेची लांबी हिशेबापेक्षा जास्त होऊन बसते. यांपैकी काहीच नसून एकच फ्रेट वेगळा वागत असेल, तर तो फ्रेटच चुकीच्या जागी बसलेला आहे किंवा त्याचा माथा सपाट झालेला आहे.

माझ्या सी तारेचे आकडे असे होते: पहिल्या फ्रेटवर १८ सेंट चढी, तिसऱ्यावर १०, पाचव्यावर ७, सातव्यावर ६, बाराव्यावर ८. आधी घसरण आणि शेवटी पुन्हा चढ. याचा अर्थ दोन्ही टोकांना थोडा थोडा दोष होता, आणि मी एका वेळी एकच टोक दुरुस्त करून दुसऱ्याला तसेच सोडत होतो. सॅडल बदलली की वरचे (पेटीकडचे) फ्रेट सुधारत, खालचे तसेच राहत. दोन दिवस मी वरच्या बाजूला वाजवत असे म्हणून बरे वाटे. सी तार चौघींत सर्वांत जाड, त्यामुळे दाबल्यावर तीच सर्वांत जास्त चढते. दोष शोधायला ती चांगली. मात्र फक्त तिच्यावरून वाद्य सुरात आणू गेल्यास बाकीच्या तारा उतरतात.

नटच्या टोकापासून सुरुवात करावी, कारण खाचा खोल झाल्यावर बाकीचे आकडेही थोडे बदलतात. तपासणीची जुनी रीत अशी आहे: दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये तार दाबून धरावी आणि पहिल्या फ्रेटवर तिच्याखाली किती फट राहते ते पाहावे. छपाईचा साधा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो. तो कागद तारेला न उचलता जेमतेम सरकला तर खाच योग्य आहे. माझ्या वाद्यात तेथून जाड पोस्टकार्ड आरामात जात होते. फट अजिबात नसेल तर मात्र खुली तार पहिल्या फ्रेटवर आपटून कुरकुरते, तेव्हा शून्यापर्यंत जाण्याचा मोह आवरावा.

खाच खोल करताना तारेच्या जाडीइतक्याच रुंदीची बारीक कानस वापरावी. कानशीचा उतार खुंट्यांच्या बाजूला खाली ठेवावा, म्हणजे तार खाचेच्या पुढच्या कडेवरून, फ्रेटबोर्डाच्या बाजूने, सुटते. उतार उलटा झाला किंवा खाचेचा तळ मधेच उंच राहिला तर तार मागे टेकते. सोप्रानोवर असे एक मिलिमीटर मागे टेकणे म्हणजे सर्व फ्रेटवर सुमारे पाच सेंट चढा सूर, शिवाय खुल्या तारेला सतारीच्या जवारीसारखी झणझण. जवारी सतारीला शोभते, येथे तो बिघाड आहे. दर चार-पाच घाशींनंतर तार परत खाचेत बसवून, सुरात आणून, कागदाची चाचणी करावी. सी तारेच्या खाचेवर मी असा पाऊण तास घालवला. शेवटच्या टप्प्यात कानस चालते आहे की नाही हे हाताला कळतही नव्हते. फक्त हाडाची पांढरी भुकटी नखाखाली साचत होती आणि पोस्टकार्डाऐवजी कागद अडू लागला होता. आणि तरीही ई तारेची खाच मी जास्त घासलीच. ती चूक सुधारते: खाचेत हाडाची भुकटी भरून तिच्यावर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा एक थेंब सोडावा, तो पूर्ण वाळू द्यावा आणि मग खाच पुन्हा घासावी. सगळ्याच खाचा खोल गेल्या असतील तर नट काढून त्याखाली पातळ लाकडी पापुद्रा द्यावा. ते जास्त टिकते.

नट सुधारल्यावर माझ्या सी तारेचे आकडे पहिल्या फ्रेटवर ३, तिसऱ्यावर ३, पाचव्यावर ४, सातव्यावर ४ आणि बाराव्यावर ६ सेंट असे झाले. आता चूक पुढे पुढे वाढत होती, म्हणजे उरलेला दोष सॅडलच्या टोकाचा. येथे मापाचा एक सरळ हिशेब उपयोगी पडतो. ३४५ मिलिमीटर तारेच्या वाद्यावर सॅडलचा माथा एक मिलिमीटर मागे नेला की बाराव्या फ्रेटचा सूर खुल्या तारेच्या तुलनेत पाच सेंट उतरतो. सहा सेंटसाठी मला सव्वा मिलिमीटरला थोडे कमी इतके मागे जायचे होते. पट्टी तीन मिलिमीटर जाड होती आणि तिचा माथा मधोमध गोल केलेला होता. तोच माथा मागच्या कडेकडे उतरता घासला की तेवढी जागा मिळाली आणि घोडी हलवावी लागली नाही. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त सरकवायचे असते तर मात्र पट्टीची खोबण भरून नवी कापण्यावाचून किंवा घोडीच सोडवण्यावाचून उपाय नसतो, आणि अशा वेळी पट्टी तिरकी घासून वेळ काढण्याला मी पळवाट समजतो.

सॅडलला हात लावण्यापूर्वी मात्र कॅलिपर किंवा चांगली पोलादी पट्टी घेऊन दोन अंतरे मोजलीच पाहिजेत. नटच्या पुढच्या कडेपासून बाराव्या फ्रेटच्या मध्यापर्यंतचे अंतर, आणि तेथून सॅडलच्या माथ्यापर्यंतचे. पहिले अंतर ठरवलेल्या लांबीच्या बरोबर निम्मे, म्हणजे ३४५ ला १७२.५ मिलिमीटर, असले पाहिजे. दुसरे त्यापेक्षा साधारण दीड ते अडीच मिलिमीटर जास्त. माझ्याकडे दुसरे १७३.२ भरले, म्हणजे मागे दिलेली सवलत अवघी ०.७ मिलिमीटर होती. पहिलेच अंतर चुकले असेल तर प्रश्न सॅडलचा नाही, फ्रेटबोर्डाचा आहे, आणि ट्यूनरच्या आकड्यांत हे दोन्ही दोष सारखेच दिसू शकतात.

फ्रेटच्या जागा चुकण्याची दोन कारणे वारंवार आढळतात. पहिले कारण असे की प्रत्येक फ्रेटचे अंतर मागच्या फ्रेटपासून मोजले जाते. प्रत्येक वेळी पेन्सिलीच्या टोकाने दशांश मिलिमीटर इकडेतिकडे झाले की बाराव्या फ्रेटपर्यंत ती चूक साचून एक मिलिमीटरच्या पुढे जाते. त्यामुळे पट्टी एकदाच नटपाशी धरून, न हलवता, सर्व खुणा तिच्यावरून कराव्यात: पहिला फ्रेट १९.३६ मिलिमीटरवर, पाचवा ८६.५४ वर, सातवा ११४.७४ वर आणि बारावा १७२.५ वर. दुसरे कारण जुने आहे. गॅलिलिओचे वडील विन्चेन्झो गॅलिलेई यांनी १५८१ मध्ये ल्यूट या तंतुवाद्याच्या फ्रेटसाठी १८ ला १७ हे गुणोत्तर सुचवले होते, म्हणजे उरलेल्या तारेचा अठरावा भाग सोडून पुढचा फ्रेट. आजच्या समान अर्धस्वरांसाठी भागाकार १८ ने नव्हे, १७.८१७ ने करावा लागतो. अठराच्या हिशेबाने ३४५ मिलिमीटरवर बारावा फ्रेट सव्वा मिलिमीटर अलीकडे पडतो आणि सूर हिशेबापेक्षा साडेबारा सेंट उतरतो. दाबल्यावर चढणाऱ्या सुरामुळे तो काही अंशी भरून निघत असे, म्हणून ही रीत इतकी टिकली. एखाद्या जुन्या साच्यावरून फ्रेटबोर्ड कापला असेल आणि वरचे सूर चढण्याऐवजी उतरत असतील, तर तो साचा अठराच्या हिशेबाचा नाही ना, हे आधी पाहावे.

एकट्या फ्रेटच्या दोषाबद्दल जास्त लिहिण्यासारखे नाही. अर्ध्या मिलिमीटरची चूक पहिल्या फ्रेटवर तीन सेंटही होत नाही, बाराव्यावर तीच पाच सेंट होते. तेव्हा तबलीजवळच्या (पेटीच्या वरच्या फळीजवळच्या) फ्रेटच्या खुणा जास्त जपून कराव्यात. सर्व फ्रेट एका पातळीत आणताना त्यांचे माथे सपाट घासले गेले असतील तर तार माथ्याच्या मधून न सुटता घोडीकडच्या कडेवरून सुटते आणि सूर किंचित चढतो. सपाट माथ्यावर मार्करची रेघ ओढून दोन्ही बाजूंनी इतके घासावे की मध्ये शाईचा केसाएवढा धागा उरेल.

उरतो तो खरोखर परत परत येणारा दोष, जो दुरुस्त केल्यावरही महिन्याभराने डोके वर काढतो. नट आणि सॅडल दगडासारखे स्थिर असतात, त्यामुळे आकडे आपोआप बदलत असतील तर लाकूड हलते आहे असे समजावे. चार तारा मिळून घोडीला पंधरा किलोंच्या आसपास ओढतात, आणि ती ओढ सोप्रानोच्या जेमतेम दोन मिलिमीटर जाडीच्या तबलीवर येते. तबली घोडीमागे फुगते, घोडी पुढे कलते, तारा उंचावतात आणि सर्व सूर चढू लागतात. दमट हवेत लाकूड फुगल्यानेही हेच होते, पण ते कोरड्या दिवसांत परत खाली येते. ओढीने आलेला फुगवटा परत जात नाही. दोहोंतला फरक ओळखण्यासाठी बाराव्या फ्रेटवर तारेची उंची मोजून ती तारखेसह लिहून ठेवावी आणि पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा पुन्हा मोजावी. अडीच मिलिमीटरच्या आसपासची उंची सोयीची असते. ती सव्वातीनपर्यंत गेली आणि हवा बदलूनही उतरली नाही, तर घोडीखालची आतली आधारपट्टी तपासावी. आवाजाच्या छिद्रातून छोटा आरसा आणि दिवा घालून तिचा सरस सुटला आहे का ते दिसते. नेक (वाद्याची मान) जेथे पेटीला जोडला आहे तेथे पातळ पाते सरकत असेल तर जोड उघडलेला आहे. अशा वेळी सॅडल घासून उंची कमी करणे म्हणजे गळक्या छपराखाली बादली ठेवणे होय. मी पहिल्यांदा सॅडल घासली तेव्हा नेमके हेच केले होते.

माझ्या वाद्यात आधारपट्टीचे एक टोक खरोखरच सुटले होते. तेथे पातळ पट्टीने सरस आत सारून, छिद्रातून टेकू देऊन, एक रात्र तसेच ठेवले. त्यानंतर आजपर्यंत तारांची उंची अडीच मिलिमीटरवर टिकून आहे. सी तारेचा पहिला फ्रेट आता तीन सेंटच्या आत आहे, बारावा शून्यावर, आणि एफ कॉर्डमधील ते दोन ए वाजवले की लहर उठत नाही. जी तारेचा सातवा फ्रेट अजून चार सेंट चढा आहे. तो फ्रेट उपटून पुन्हा बसवताना शेजारचे लाकूड उखडण्याचा धोका जास्त वाटल्याने तो मी तसाच राहू दिला आहे.